कँडिड स्ट्रीट फोटो किती एडिट करायचा?

प्रश्न बराच मोठा आहे, त्यातलं मुख्य असं की तुम्ही वर्षभर रस्त्यावर कँडिड, म्हणजे समोरच्याच्या नकळत, फोटो काढताय, कॅमेऱ्यातून आलेला जेपेग (कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेली फोटो फाइल) तसाच ठेवला तर फिका वाटतो आणि प्रिसेट (एका क्लिकमध्ये लागणारं तयार एडिटिंग) मारला तर खोटा वाटतो. मित्रांमध्ये दोन गट, एक म्हणतो फोटोला हात लावायचा नाही, दुसरा म्हणतो हल्ली सगळेच करतात. शिवाय एक ठरावीक फोटो अडकलाय, पावसात छत्री उलटी झालेले एक आजोबा खळखळून हसताहेत, पण त्यांच्या मागे कचऱ्याचा ड्रम आलाय आणि उजव्या कडेला कुणाचातरी अर्धा खांदा. मोबाइलवर एका टॅपमध्ये दोन्ही गायब होतात, तर करू का? आणि जाता जाता विचारलंय की ब्लॅक अँड व्हाइट केलं की बरंच झाकलं जातं, ते चालतं का.

तुम्ही विचारलंय ‘किती’, पण मला वाटतं अडचण प्रमाणाची नाहीये. दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच मापाने मोजताय. फोटो फिका दिसतो म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला ही एक गोष्ट, आणि त्या क्षणी तिथे असलेली वस्तू किंवा माणूस फोटोतून उडवला ही दुसरी. पहिली जरा जास्त झाली तर फार तर फोटो भडक होतो, बघणारा म्हणतो हात जड झालाय. दुसरी एवढीशी केली तरी तो फोटो काय आहे तेच बदलतं. ‘कमी एडिटिंग’ आणि ‘जास्त एडिटिंग’ अशी भांडणं चालतात ना, ती संपत नाहीत कारण दोन्ही बाजू या दोन गोष्टी एकत्र कालवतात.

एक उदाहरण मी शिकवताना नेहमी सांगते. २०१० साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत एका फोटोग्राफरला मिळालेलं बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याने मूळ रंगीत फ्रेमचा बराच भाग कापून टाकला होता, उरलेला ब्लॅक अँड व्हाइट केला होता, कडा काळ्या केल्या होत्या, ग्रेन (फिल्मसारखे दाणे) घातला होता, म्हणजे मूळ फाइल आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत इतकं. पण बक्षीस गेलं ते यातल्या कशावरूनही नाही. मागच्या माणसाच्या पायाचा एक छोटा तुकडा हाताजवळ डोकावत होता, तो त्याने पुसला होता, त्यावरून गेलं. हा नियम काहींना हास्यास्पद वाटतो, मला तो बरोबर वाटतो, पण तुम्हाला पटो न पटो, रेषा कुठे मारतात ते यातून कळतं. सावल्या किती गडद केल्या यावर ती रेषा मारलेली नाही, तिथे होतं ते फोटोत आहे का यावर मारलीय.

आता यात बरंच काही परिस्थितीवर आहे हे मान्य करते. फोटो बातमीसाठी जाणार असेल तर प्रश्नच नाही. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पडलेला दिसत होता, तो क्लोन करून (शेजारचे पिक्सेल त्यावर चिकटवून) घालवला म्हणून एपी वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये त्या फोटोग्राफरशी संबंध तोडले, आणि तो आदल्याच वर्षी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळालेल्या टीममधला होता. रॉयटर्स वृत्तसंस्थेने तर २०१५ मध्ये फ्रीलान्सरना सांगून टाकलं की रॉ फाइलवरून (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) बनवलेले फोटो पाठवूच नका, कॅमेऱ्यात तयार झालेला जेपेग द्या. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी शेवटच्या फेरीत मूळ फाइल मागतात. पोस्टर करणार असाल, कोलाज करणार असाल, कल्पनेतलं शहर उभं करायचं असेल तर हवं ते करा, फक्त त्याला कँडिड म्हणू नका. आणि स्वतःच्या भिंतीवर लावायला असेल तर मी कोण सांगणारी.

पण बहुतेक लोक या कुठल्याच टोकाला नसतात, तुम्हीही नाही. तुम्ही फोटो ऑनलाइन टाकता आणि खाली ‘स्ट्रीट, कँडिड’ असं लिहिता. ते दोन शब्द लिहिले की बघणारा एक गोष्ट गृहीत धरतो, हे असंच घडलं आणि हा माणूस तिथे होता. आजोबांच्या हसण्यात मजा आहे ती मुळात ते खरोखर हसले यात आहे. हेच दृश्य जाहिरातीसाठी मॉडेल घेऊन उभं केलं असतं तर आपण दोन सेकंदही थांबलो नसतो. प्रसिद्ध फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीचं २०१६ मध्ये जे झालं ते इथेच झालं. इटलीतल्या एका प्रदर्शनात क्युबातल्या रस्त्याच्या त्यांच्या फोटोत क्लोनिंग बिघडलेलं एकाच्या लक्षात आलं, मग लोकांनी जुने फोटो काढून शेजारी शेजारी लावायला सुरुवात केली आणि काहींमधली माणसंच गायब झालेली दिसली. त्यांनी सांगितलं की मी आता फोटोजर्नलिस्ट नाही, व्हिज्युअल स्टोरीटेलर आहे. असेलही, पण लोक इतकी वर्षं ते फोटो ‘असंच घडलं’ म्हणून बघत होते, त्यामुळे ते स्पष्टीकरण उशिरा आलं.

पहिल्या गटाला, म्हणजे ‘हात लावायचा नाही’ वाल्यांना, एवढंच सांगा की हात न लावलेला फोटो असं काही नसतंच. कॅमेरा जेपेग बनवतो तेव्हा कॉन्ट्रास्ट, शार्पनेस, नॉइज (फोटोत दिसणारे खरखरीत दाणे) कमी करणं, रंग, सगळं त्याच्या कंपनीतल्या लोकांनी ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त ते काम दुसऱ्यावर सोपवलेलं असतं. मोबाइल तर एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन जोडतो, आकाश वेगळं उजळवतो आणि चेहरा वेगळा. फिल्मच्या काळात सगळं शुद्ध होतं हीही दंतकथा आहे, डार्करूममध्ये एखादा भाग जास्त प्रकाश देऊन गडद करणं आणि दुसरा झाकून उजळ ठेवणं हे रोजचं काम होतं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा १९३६ चा स्थलांतरित आईचा जगप्रसिद्ध फोटो आहे, त्यात खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा दिसत होता, तो काही वर्षांनी निगेटिव्हवरच रिटच करून घालवला. तेव्हाही त्यावर नाराजी झाली होती, म्हणजे वाद आजचा नाही.

मग मी काय करते? मी एक कसोटी वापरते, साधी आहे. त्या क्षणी माझ्या खांद्याला खांदा लावून एक अनोळखी माणूस उभा होता असं समजते. घरी एडिट केलेला फोटो त्याला दाखवला तर तो काय म्हणेल? ‘हो, असंच होतं, तुझा फोटो जरा नाट्यमय आलाय’ असं म्हणाला तर ठीक. ‘अरे, पण तिथे तर एक बाई उभी होती’ असं म्हणाला तर मी हद्द ओलांडली. प्रकाश, सावली, रंगाची ऊब याबद्दल तो फारसं भांडणार नाही कारण डोळा स्वतःच हे सगळं जुळवून घेत असतो, दोन माणसांना एकच संध्याकाळ वेगवेगळी आठवते. कोण होतं, काय होतं, कोण कुणाकडे बघत होतं, याबद्दल मात्र तो ठाम असेल.

या कसोटीवर तुमचा आजोबांचा फोटो घेऊ. ड्रम पुसू नका. कसोटी सांगते म्हणून तर आहेच, पण ड्रम असल्याने फोटो बिघडतो असं मला वाटत नाही. रस्ता आहे, रस्त्यावर ड्रम असतो, आणि मागे असं काहीतरी कुरूप असताना माणूस मनमोकळा हसतोय हे जास्त चांगलं आहे. तुम्हाला तो खुपतो कारण तो बहुधा आजोबांपेक्षा उजळ किंवा जास्त रंगीत आहे, डोळा आधी तिकडे जातो. मग त्याच्यावर मास्क टाका, म्हणजे एडिटसाठी फक्त तेवढाच भाग निवडा, एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), सॅच्युरेशन थोडं उतरवा. ड्रम तिथेच राहील, फक्त गप्प बसेल. हे डार्करूममध्येही असंच करायचे. मास्कची कड फार मऊ ठेवू नका, नाहीतर ड्रमभोवती काळपट धूर आल्यासारखं दिसतं आणि सगळ्यांना कळतं.

खांद्याचं वेगळं. तो कडेला आहे, म्हणून तो क्रॉपने जातो का बघा. गेला तर छान, नाही गेला तर दोन पर्याय, राहू द्या, किंवा हा फोटो नापास समजा. पुसायचा तिसरा पर्याय मोबाइल देतोय, पण तुम्ही तो घेऊ नका. आणि खरं सांगू का, अर्धे खांदे, पाठमोरी डोकी, कडेवर कापलेले हात यांनी बऱ्याचदा फोटोत गर्दी जाणवते, आपण त्या गर्दीत उभे आहोत असं वाटतं. फार साफ केलेला स्ट्रीट फोटो पाहिला की मला रिकाम्या स्टुडिओत आल्यासारखं होतं.

क्रॉपबद्दल जरा जास्त बोलते कारण लोक क्रॉपला निष्पाप समजतात. पिक्सेलला हात लावला नाही, काही जोडलं नाही, काही पुसलं नाही, मग काय बिघडलं? बिघडू शकतं. समजा बाकावर दोघंजण गप्पा मारत बसलेत, त्यातला एक क्षणभर खाली बघतो, तुम्ही क्लिक करता आणि घरी दुसऱ्याला क्रॉप करून टाकता. खाली मथळा देता, ‘एकटेपण’. किंवा एक मुलगी फोनवर काहीतरी बघून हसतेय, तिच्या पलीकडे कुणीतरी घसरून पडलंय, तुम्ही फोन कापता आणि आता ती पडलेल्या माणसाला हसताना दिसते. ड्रम पुसण्यापेक्षा हे कितीतरी मोठं खोटं आहे आणि एकाही स्पर्धेचं सॉफ्टवेअर ते पकडणार नाही. तुमच्या बाजूला उभा असलेला तो काल्पनिक माणूस मात्र लगेच पकडेल. म्हणून क्रॉप करताना मी बघते की कापलेल्या भागात असं काही होतं का ज्यामुळे उरलेल्याचा अर्थ ठरत होता. नसेल तर बिनधास्त कापते.

‘क्रॉप करणारा खरा फोटोग्राफर नाही’ वगैरे जे म्हणतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए ब्रेसाँ क्रॉपच्या विरोधात होते, प्रिंटभोवती निगेटिव्हची काळी कड ठेवायला सांगायचे जेणेकरून पूर्ण फ्रेम आहे हे दिसावं, पण पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा फोटो क्रॉप केलेलाच आहे, कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि एका बाजूला लेन्ससमोर फळी आली होती. फक्त हिशोब लक्षात ठेवा. २४ मेगापिक्सेलची फ्रेम म्हणजे ६००० बाय ४०००, दोन्ही बाजू निम्म्या केल्या की उरतात ६ मेगापिक्सेल, स्क्रीनला भरपूर, पण ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) जेमतेम १० इंच रुंद प्रिंट. आणि दर फोटोला निम्मं कापावं लागत असेल तर उपाय लाइटरूममध्ये, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, नाही, दोन पावलं पुढे जाण्यात आहे.

आता चेहरे. कँडिडमध्ये समोरच्याने आपल्याला परवानगी दिलेली नसते, बहुतेक वेळा त्याला माहीतही नसतं, म्हणून बघणाऱ्याशी जसा प्रामाणिकपणा तसा त्या माणसाशीही हवा. इथे क्लॅरिटी आणि टेक्स्चर हे बारीक तपशील ठळक करणारे दोन स्लायडर सगळ्यात जास्त नुकसान करतात. वयस्कर माणूस दिसला की क्लॅरिटी ६०, सुरकुत्या कोरून काढायच्या, डोळ्यांखाली काळं करायचं, की झाला ‘कष्टाचा चेहरा’. ते आजोबा तर हसत होते हो! बाजूला उभं राहून बघणाऱ्याला इतक्या सुरकुत्या दिसल्याच नसत्या, त्या तुम्ही घातल्यात. उलट बाजूने त्वचा मऊ करणं, रंग उजळ करणं हेही तितकंच वाईट, कुणाचा रंग किती गडद असावा हे ठरवणारे आपण कोण. मी चेहऱ्यावर क्लॅरिटी वापरतच नाही, आख्ख्या फ्रेमला दिली तर चेहऱ्यावर मास्क टाकून तिथून काढून घेते. चेहरा सावलीत असेल तर शॅडो उचलते, पण सावली सावलीच वाटेल इतपतच.

चेहरा ब्लर करून टाकला की जबाबदारी संपली असं समजणारेही आहेत. चेहरा ब्लर करावा लागेल असा फोटो असेल तर बहुतेक वेळा तो टाकायचाच नसतो. लहान मुलं, नशेत पडलेली माणसं, रडणारी माणसं, याबाबत माझा हात आखडता आहे. कुणी पाहिलं आणि नको म्हणालं तर मी त्याच्यासमोर डिलीट करते, वाद घालत नाही. कायदा देशागणिक वेगळा आहे, काही ठिकाणी काढणं चालतं पण छापायला संमती लागते, आणि जाहिरातीत वापरायचं असेल तर जवळजवळ सगळीकडेच संमती लागते. तुमच्याकडे काय आहे ते नीट बघा.

इथपर्यंतचं एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. टोन आणि रंग, मोकळीक आहे. कडा कापणं, अर्थ बदलत नसेल तर मोकळीक आहे. आतली वस्तू काढणं किंवा घालणं, कँडिड म्हणणार असाल तर नाही. लेन्सवर किंवा सेन्सरवर बसलेल्या धुळीचा डाग काढणं चालतं, तो डाग रस्त्यावर नव्हता.

आता तुमचे फोटो फिके का वाटतात. तुम्ही दोन नमुने दिलेत त्यावरून सांगते, ते एडिटिंगने सुटणारं नाहीये पूर्ण. एकात प्रकाश सपाट आहे, ढगाळ दुपार, सगळं एकाच उजेडात, तिथे कितीही कॉन्ट्रास्ट ओढा, सावल्या कुठून येणार? दुसऱ्यात माणसाचं डोकं मागच्या खांबाच्या बरोबर पुढे आलंय, अर्धं पाऊल डावीकडे सरकला असतात तर वेगळं झालं असतं. मी बऱ्याचदा आधी जागा शोधते, जिथे उजेडाचा पट्टा पडलाय, मागे साधी भिंत आहे, आणि तिथे थांबते, माणसं आपोआप येतात. ३५ मिमीची लेन्स, एफ ८ (लेन्सचं छिद्र बरंच लहान), फोकस तीन मीटरवर लॉक, म्हणजे फुलफ्रेमवर (जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर) साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं शार्प येतं, फोकसचा विचारच करायचा नाही. शटर २५० च्या (सेकंदाचा अडीचशेवा भाग) खाली जाऊ देत नाही, चालणाऱ्या माणसांना ५००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर सोडते. आणि एक्स्पोजर नेहमी उजळ भागाला धरून, थोडं कमीच, कारण रॉमध्ये सावल्या वर येतात, थोडी नॉइज येते एवढंच, पण पांढरं पडलेलं आकाश किंवा कपाळ परत येत नाही.

रॉमध्ये काढा हे ओघाने आलंच. १४ बिट रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. म्हणून जेपेग ओढला की आकाशात पट्टे दिसायला लागतात. तुम्हाला प्रिसेट खोटा वाटतो त्याचं एक कारण हेही असेल, तो प्रिसेट कुणीतरी रॉवर बनवलेला असतो आणि तुम्ही आधीच शिजलेल्या फाइलवर पुन्हा फोडणी देताय. दुसरं कारण, प्रिसेट बनवणाऱ्याचा उजेड वेगळा होता.

माझा एडिटिंगचा क्रम फार मोठा नाही. आडवी रेघ सरळ करायची, क्रॉप, मग एक्स्पोजर आणि हायलाइट (उजळ भाग), व्हाइट बॅलन्स (रंगाची ऊब किंवा थंडावा), मग कर्व्हमध्ये (उजेड-अंधाराचा आलेख) थोडा कॉन्ट्रास्ट, जिथे नजर जायला नको तिथे थोडं गडद. बस. एका फोटोला पाच मिनिटांच्या पुढे वेळ लागायला लागला तर मी शंका घेते, फोटोवर नाही, मुळात तो निवडला का यावर. हे सगळं करून फाइल बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी उघडायची. जवळजवळ प्रत्येक वेळी आदल्या रात्रीचं जास्त वाटतं, कारण डोळा हळूहळू सरावतो आणि आपण आणखी थोडं, आणखी थोडं करत जातो. मग मी सगळं साधारण एक तृतीयांश मागे घेते. स्क्रीनचा ब्राइटनेस ठरावीक ठेवा, रात्री अंधाऱ्या खोलीत फुल ब्राइटनेसवर एडिट केलेले फोटो प्रिंटला काळेकुट्ट येतात.

रात्रीच्या रंगांबद्दल एकच सांगते. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली रंग मुळातच फार थोडे असतात, त्या दिव्यात निळं हिरवं जवळजवळ नसतंच, त्यामुळे व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, शर्टाचा खरा रंग परत येणार नाही, चेहरा मात्र मातकट होईल. पिवळं होतं तर पिवळं राहू द्या. थोडं थंड करा, पूर्ण पांढरं करायला जाऊ नका.

आणि सगळ्यात मोठा भाग, ज्याबद्दल कुणी विचारत नाही, तो म्हणजे निवड. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांनी १९५० च्या दशकात अमेरिकाभर फिरून सुमारे २७ हजार फ्रेम काढल्या आणि पुस्तकात घेतल्या ८३. तुम्ही एका संध्याकाळी काढलेल्यातले वीस टाकता आणि वीसही एडिट करता, म्हणून प्रत्येकाला काहीतरी ‘करावं’ लागतं. दोन टाका. अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड काढलेले रोल वर्ष वर्ष डेव्हलपच करायचे नाहीत, काढताना मनात जे होतं ते विसरल्यावरच फोटो नीट तपासता येतो म्हणून. ते १९८४ मध्ये गेले तेव्हा जवळपास अडीच हजार रोल डेव्हलप न केलेले निघाले, तेवढं टोक गाठायची गरज नाही, पण काढल्या रात्रीच निवडायला बसू नका. त्या रात्री तुम्हाला आठवतं की किती पाऊस होता, किती धावलात, कसं जमलं, आणि ते सगळं तुम्हाला फोटोत दिसतं, बघणाऱ्याला दिसत नाही. काही दिवस जाऊ द्यात. मग आधी थंबनेलएवढे छोटे करून बघा, छोट्यात जो उभा राहतो तोच मोठा करा.

एआयने नॉइज काढणं मी वापरते, पण जपून. नॉइज काढताना ते दूरचे चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरं स्वतःच्या मनाने बनवून टाकतं, शंभर टक्के झूम करून बघा, मागच्या माणसाला भलतंच नाक आलेलं असतं. जनरेटिव्ह फिल (एआयकडून नवा भाग बनवून भरणं), कॅनव्हास वाढवणं, आकाश बदलणं हे कँडिडमध्ये माझ्या लेखी नाहीच. आणि मूळ रॉ कधीच डिलीट करू नका, उद्या कुणी विचारलं तर तेवढंच आहे तुमच्याकडे दाखवायला.

राहिलं ब्लॅक अँड व्हाइट. चालतं का, तर हो, अगदी चालतं, बाजूला उभा असलेल्या माणसालाही कळतं की जग रंगीत होतं, त्यात फसवणूक नाही. पण तुम्ही म्हणताय तसं झाकायला म्हणून करू नका, कारण झाकलं जात नाही. गोंधळलेली पार्श्वभूमी करड्या रंगात आणखी गोंधळते, लाल कपडा आणि हिरवी भिंत रंगीत फोटोत सुटे दिसतात आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एकाच करड्यात विरघळतात. तिथे मग लाल आणि हिरव्याचे स्लायडर वेगळे हलवावे लागतात, आणि नारिंगी स्लायडर हलवला की त्वचा उजळते किंवा काळवंडते, म्हणून तो सांभाळून. फोटो सावलीवर, आकारावर, हावभावावर उभा असेल तर रंग काढा. एखाद्या पिवळ्या रेनकोटमुळे काढला असेल तर रंग काढून उरलं काय? मला विचाराल तर हा निर्णय रस्त्यावरच घ्या, कॅमेऱ्याचं पिक्चर प्रोफाइल मोनोक्रोमवर ठेवा आणि फाइल रॉ, म्हणजे मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये, डीएसएलआर असेल तर मागच्या स्क्रीनवर करडं दिसेल आणि तुम्ही आपोआप उजेडाकडे बघायला लागाल, आणि घरी येऊन मन बदललं तर रॉमध्ये रंग आहेतच.